दसऱ्याच्या हळदीने बंद पडलेलं घड्याळ

घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि मला हसू आलं. आत हळद होती. समोर बसलेल्या वंदनाबाईंचा चेहरा मात्र पडला.

पोंभुर्ण्याकडच्या गावाहून त्या सासऱ्यांना घेऊन माझ्या बल्लारपूरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आल्या होत्या. सासऱ्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात एका गोऱ्या साहेबाचे अर्दली होते. परतताना साहेबाने हातातलं घड्याळ काढून त्यांना दिलं. खंदकात खिसे चाचपत बसायला सवड कुणाला? म्हणून खिशातल्या घड्याळासारख्याच डबीला तारेच्या कड्या डाख देऊन जोडायचे आणि पट्टा लावायचे. काचेवर जाळी, म्हणजे तोफगोळ्याच्या कपच्या उडाल्या तरी काच वाचते. अंधारात दिसावं म्हणून आकड्यांना रेडियम. असा पीस माझ्या टेबलावर पहिल्यांदाच आलेला. मला जेवण सुचेना.

त्यांच्याकडे दसऱ्याला विळा-कुऱ्हाडीसोबत हे घड्याळही पूजेला मांडतात. लढाईतली वस्तू, म्हणजे हत्यारच. यंदा पूजा पहिल्यांदा सुनेने केली आणि घड्याळ थांबलं. तेव्हापासून सासरे तिच्याशी बोलत नव्हते. चहा हवा असला तरी भिंतीकडे बघून सांगत.

"माह्या हातानंच घडी बंद पडली जी," बाई हळूच म्हणाल्या.

मी डोळ्याला भिंग लावलं. या जुन्या घड्याळांत चावीपाशी वॉशर नसतो. पूजेचं पाणी शिंपडलं की हळद-कुंकू चावीच्या भोकातून आत जातं, तेलात कालवतं आणि चाकांवर बसतं. पण इथे वर जराशी पिवळी हळद, आणि खाली काळा, कडक झालेला जाड थर.

"भाऊ," मी सासऱ्यांना विचारलं, "आधी पूजा कोण करे?"

"मीच. काऊन?"

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. "पाहा. वरची पिवळी बाईंची. खालची काळी सारी तुमची."

भाऊ बराच वेळ बघत राहिले. बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या, आणि मला फार बरं वाटलं.

मशीन सुटं करून पेट्रोलमध्ये धुतलं, नवं तेल दिलं. रेडियमला हात लावला नाही, ते खरवडणं तब्येतीला वाईट. पुढच्या आठवड्यात दोघं आले. भाऊंनी घड्याळ कानाला लावलं, मग सुनेपुढे धरलं.

"ऐकून पाह्य वंदना. चालून राह्यली."

आता हळद-कुंकू घड्याळ ठेवायच्या पेटीला लावा, घड्याळाला नाही, असं मी त्यांना बजावलं.

"ते हिले सांगा," भाऊ म्हणाले. "पूजा आता हेच करन."

घड्याळ बंद पडलं की शेवटी ज्याचा हात लागला, तोच सापडतो. आधी झाकण उघडून बघावं.