मी न चाखलेल्या काकड्या

हे मी आजपर्यंत कोणालेच सांगितलं नाही. नवऱ्याले नाही, सख्ख्या बहिणीलेही नाही. तुम्हाले सांगून राह्यली, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही — अन् आता पोटात ठेववत नाही.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. सात वर्षं झाली, माझ्या पुतणीचं लग्न घरच्या अंगणात होतं. सलाद अन् कोशिंबिरीचं काम माझ्याकडे. तुम्ही म्हणाल, सलाद चिरण्यात काय आहे एवढं? आहे बाप्पा. गाजराची चकती जाड झाली तं म्हाताऱ्यायले चावता येत नाही. कांदा लवकर चिरून ठेवला तं वास मारते. अन् काकडी — तिचं देठ कापायचं, तेच कापल्या जागी घासून फेस काढायचा, मग एक चकती चाखायची. प्रत्येक काकडीची. दोन-चार कडू गेल्या तं दह्यातली सारी कोशिंबीर गेली. हे मले परकर नेसत होती तेव्हापासून माहीत.

चिरायले मी कांताले बोलावलं. आमच्या बचत गटातली, बौद्ध वस्तीतली. तिच्यासारखं गाजर गावात कोणाच्या हातून चिरल्या जात नाही. तिकडची बाई विळी घेऊन आमच्या अंगणात बसली, हे पहिल्यांदाच. सासूबाईनं नाक मुरडलं, मी ऐकलं नाही. लई मोठेपणा वाटला मले माझा त्या दिवशी.

कांता गाजरं चिरत होती, मी काकड्या. अन् माझ्या गालात खर्रा होता. हो — तंबाखू-सुपारीचा खर्रा, घरच्यायपासून लपवून खाल्लेला. तोंड असं भरलेलं, चाखणार कशी? थुंकायले उठली असती तं दिसलं असतं. मी नुसती घासून घासून चिरत गेली. चाखली एकही नाही. कांतानं ते पाह्यलं. हळूच म्हणली, "ताई, चाखून घ्या." मी मान हलवली अन् पुढची काकडी घेतली.

पहिल्याच पंगतीत वराच्या काकानं घास थुंकला. मग शेजारच्यानं. दोन मोठे गंज भरून कोशिंबीर उकिरड्यावर गेली. सासूबाई येऊन उभ्या राह्यल्या — काकडी कोणी चिरली?

विचार करायले वेळ नव्हता, असं म्हणू का? होता. तेवढा होता. मी म्हणलं, "कांतानं."

तिचंच नाव काहून घेतलं? सहा बाया होत्या तिथं. जाऊ होती, नणंद होती. त्यायचं नाव घेतलं असतं तं भांडण झालं असतं, खरं बाहेर आलं असतं. कांताचं घेतलं तं कोणी विचारणारच नाही — हे मले ठाऊक होतं. तोंड उघडायच्या आधी ठाऊक होतं. अन् तसंच झालं. सासूबाई म्हणल्या, "म्हणूनच म्हणत होती, यायले कायले बसवलं?" बाकीच्या बाया खाली पाहत राह्यल्या. कांतानं माझ्याकडे एकदा पाह्यलं. मले वाटलं, बोलते आता. तिनं विळी धुतली, पदरानं पुसली अन् न जेवता गेली.

त्यानंतर आमच्या गल्लीतल्या कोणत्याच लग्नात त्या वस्तीतल्या बाईले चिरायले बोलावलं नाही. कोणी कारण विचारलं, तं आजही तीच कोशिंबीर सांगतात. मी तिथंच बसलेली असते. खोटं आहे, असं एकदाही म्हणलं नाही.

गेल्या वर्षी कांताच्या पोरीचं लग्न झालं. पत्रिका द्यायले ती स्वतः आली. मी गेली. तिनं मले पंगतीत बसवलं, आपल्या हातानं ताट आणलं — वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. मांडवाच्या दाराशी आमच्या गल्लीतल्या दोन बाया नुसता आहेर देऊन निघाल्या होत्या. त्या थांबल्या, माझ्याकडे पाहत. मी म्हणलं, "आज उपास आहे माझा."

कोणता उपास, हे कांतानं विचारलं नाही. ताट उचललं अन् आत नेलं.