लाल झेंड्यांमधली टिटवी

आमच्या ऑफिसात फाइलींपेक्षा किस्से लवकर साचतात. फक्त माझ्या किश्शांवर हसू यायच्या आधी मला घाम फुटतो! काहीतरी चुकलंय असं पहिल्यांदा वाटलं, ते प्लॉट स्वच्छ दिसला म्हणून.

इथे आखातात, अल ऐनच्या वाटेवर, आमच्या कंपनीची पडीक जमीन आहे. गोदाम होणार होतं, झालं नाही. तिथे पुन्हा झुडपं, सरडे, पक्षी नांदावेत, हे माझं काम. त्यासाठी, बियांना आडोसा म्हणून, मुद्दाम पसरलेल्या वाळक्या काटेरी फांद्या त्या दिवशी गायब! सुपरवायझर साबीरभाई, मूळ रत्नागिरीचे, खुशीत होते. "साहेबांची व्हिजिट ना, ताई? सगळा कचरा काढला. खलास!"

"साबीरभाई, तो कचरा म्हणजेच आपला प्रोजेक्ट होता!"

*

व्हिजिटला आमच्या साहेबांनी, म्हणजे देशपांडे सरांनी, गॉगल काढून चौफेर बघितलं. "छान. लॉन कधी येणार?"

"सर, लॉन नाही. इथलं वाळवंटच परत आणतोय."

"म्हणजे आधी होतं तेच? मग बजेट कशाला?"

डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतल्या माझ्या घरी पोचेपर्यंत नोकरी गेली, असंच मी धरून चालले होते.

*

फांद्या परत पसरताना पायाजवळ कुणीतरी किंचाळलं. मीही किंचाळले. टिटवी! उघड्या वाळूवर खड्यांसारखी अंडी. मग रोज ती डोक्यावर झेपावून ओरडायची, आणि मी रोज दचकायचे.

साबीरभाईंना हसू आवरेना. "ताई, लग्नाआधीच सासू मिळाली तुम्हाला!"

अंडी कुणी तुडवली तर? मी सरांना विचारलं.

"एरिया मार्क कर. सेफ्टी फर्स्ट!"

अंड्यांभोवती लाल झेंडे लावले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

*

परवा सकाळी टॅक्सीत होते, तेवढ्यात साबीरभाईंची व्हॉइस नोट. "ताई, बाजूच्या रस्त्यासाठी जमीन सपाट करणारा शॉवेल आलाय. ड्रायव्हर नवा हाय. साइटवर झेंडा म्हंजे इथनं खणा! तो सरळ आपल्या झेंड्यांकडं निघालाय. मी धावतोय!"

मी कॉल केला. नुसती रिंग. परत केला. परत रिंग. टॅक्सीवाल्याला म्हटलं, "भाईसाब, जल्दी!"

"इन्शाल्ला," तो म्हणाला. म्हणजे कधी पोचणार, ते देव जाणे!

परत कॉल. शेवटी उचलला! हॅलो नाहीच. नुसता कर्कश आरडाओरडा, माझ्या चांगल्या ओळखीचा. मग धापा टाकत साबीरभाई:

"ताई, तुमची सासू शॉवेलसमोर उभी हाय! ड्रायव्हर काचा लावून आत बसलाय. बोलतो, आधी तुमच्या मॅडमला बोलवा, मगच खाली उतरतो!"