विचारून झडती

दुष्काळाच्या साली उस्मानाबादच्या तुरुंगात मी कारकून होतो. घरातला पहिला पदवीधर, त्यामुळे फॉर्म भरायचं काम मोठ्या निष्ठेनं करायचो. खडीच्या कामावर अत्याचार करणाऱ्या मुकादमाला हातोडा मारून एक बाई आत आली होती. रोजच्या झडतीत अंगाला हात लागला की ती किंचाळायची, एरवी गप्प. तिला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचा फॉर्म घेऊन मी बायकांच्या बराकीच्या दारात उभा राहिलो.

"वेडी न्हाय ती, सायब," बेंबळीकडची थोराड पहारेकरीण म्हणाली. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

"पण मावशी, नियमाप्रमाणं झडती..."

"इचारू नगा, असं लिवलंय व्हय नियमात?"

ती बाईसमोर उकिडवी बसली. दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून तिनं विचारलं, "हात लावू का, बाई?"

मावशी उत्तराची वाट बघत राहिली. इतका वेळ कैद्यासाठी थांबलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं. शेवटी बाईनं आपणच पदर झटकून दाखवला.

"आज नगं," ती म्हणाली.

'लक्षणे' या रकान्यात मी लिहिलं, "विचारल्यास उत्तर देते." ते वाचून डॉक्टरांनी सही केली नाही. बाई मावशीजवळच राहिली.