तिच्या वाटचं एकच गणित
काजूच्या बोंडूंचा आंबूस वास आला की पावस गावच्या शाळेतला सातवीचा वर्ग आठवतो. माझा पहिला नंबर ठरलेला. शेजारची मैत्रीण गणितं तोंडी सोडवायची आणि पायऱ्या लिहीत नाही म्हणून ओरडा खायची. नव्या बाईंनी एकदा मला वीस गणितं दिली, तिला एकच. मी रडवेली होऊन विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?" "काय नाय गो. तुझं सरावानं पक्कं होतं. तिला कुठेतरी अडायला हवं." तीन दिवस ती मधल्या सुट्टीतही जागची उठली नाही. चौथ्या दिवशी तिने पानभर पायऱ्या लिहून, हसत वही बाईंपुढे ठेवली. आता मी गणित शिकवते, आणि सगळ्या वर्गाला एकच गृहपाठ कधीच देत नाही.