एका बाजूचा इयरफोन

सासरे इयरफोनवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत होते, तेवढ्यात त्याची उजवी बाजू बंद पडली. त्यांना ऐकू येतं तेही फक्त उजव्या कानानं. वायर पिनेपाशी तुटली तर सांधायची, कानातला भागच गेला तर नवा घ्यायचा, हा माझा नियम. इथं कानातला भागच गेला होता.

"बाबा, टाका तो. संध्याकाळी नवा आणते."

"आणि तोवर स्कोअर काय तू सांगणार?" म्हणत त्यांनी डावी बाजू उजव्या कानात घातली. "मला कान एक, याला आवाज एक. झकास जमलं की!"

वस्तू निकामी झाली का, हे नुसतं वस्तूकडे बघून ठरत नाही. ती वापरणाराही बघावा लागतो.

मी पिनेपाशी मुडपलेली वायर सरळ केली. "निदान ही बाजू जपा. वायर अशी मुडपून..."

"थांब गं, विकेट पडली!"