रिकाच्या मरणाचं आगाऊ सांगणं

वेसेल लान्सिंक बोलायला लागला की त्याच्या गाईसुद्धा चरायचं थांबवून बघायच्या, इतकं ते क्वचित घडे. आणि नेदरलँड्समधल्या आमच्या आख्टरहूक भागात कोणी गेलं की सगळ्यांत जवळच्या शेजाऱ्यानं दारोदार जाऊन सांगायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. वेसेलच्या वाट्याला रिका आली. रिका तर अजून चांगली जिवंत!

पोटातल्या गाठीनं ती काटकी झाली होती. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं येऊन विचारलं, खरंच मरण हवंय का. तिचं उत्तर एकच. आमच्याकडे कायद्यानं तशी सोय आहे; शेवटी डॉक्टरांच्या सुईसाठी गुरुवार, दुपारचे दोन ठरले.

"काय सांगशील, म्हणून दाखव बघू," रिका म्हणाली.

वेसेल टोपी काढून उभा राहिला. "रिका... रिकाला बरं नाही."

"अरे मेल्या, ती मार्चमधली बातमी! चल, मीच येते. तू नुसता ट्रॅक्टर चालव."

सोमवारी ट्रॉलीत गादी टाकून वरात निघाली. घरोघरी कॉफी, कॉफीबरोबर एक बिस्किट, की लगेच डब्याला झाकण. एकीनं मात्र डबा उघडाच ठेवला, तशी रिका म्हणाली, "बघ वेसेल, मरायला टेकल्याशिवाय इथं दुसरं बिस्किट मिळत नाही!" उंच हार्मला तिनं बजावलं, "बुटक्याच्या जोडीनं खांदा देऊ नकोस. मला घसरत जायचं नाहीये." कुणी दबकत विचारलं, भीती वाटते का. "वाटते की. म्हणून तर बडबडतेय."

सातवं घर तिच्या थोरल्या बहिणीचं, आलीदाचं. गेले तीन महिने हा विषय निघाला की आलीदा कोंबड्यांचं काहीतरी काढायची. आणि गुरुवारी तिचा हात आपल्या हातात असावा, एवढीच रिकाची इच्छा होती. वाटेत तिनं ते वेसेलला चारदा सांगितलं.

"ये गं," आलीदानं दार उघडलं. "कोंबड्या अंडीच देईनात बघ."

रिकानं तोंड उघडलं. शब्दच फुटेना. सहा घरं कात्रीसारखी चाललेली जीभ टाळ्याला चिकटली.

मग वेसेल पुढे झाला. "आलीदा, गुरुवारी दोन वाजता रिका मरणार आहे. तिला तुझा हात धरायचाय. बस, एवढंच."

आलीदा कडी धरून उभी राहिली.

"दोन म्हणजे मी पावणेदोनला येते," ती म्हणाली. "ही कायम आधीच तयार होऊन बसते."

रिकाला वाचा फुटली. "फक्त तो शेणाच्या रंगाचा स्वेटर घालून येऊ नकोस."

"नाही आवडला तर डोळे मीट!" आलीदा बोलून गेली आणि तिनं तोंडावर हात दाबला.

रिका इतकी हसली की तिला चौकट धरावी लागली. मग आलीदाच बाहेर आली आणि तिनं तिला धरलं. आत जाताना दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि स्वेटरवरून भांडण चालूच होतं.