सात होते, सहाच पडले

माझ्या शैलाआत्याने मला पाडायला शिकवलं.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. ती गेली त्या दिवशीही पोस्ट लिहिली होती. अकरा वेळा वाचली आणि डिलीट केली. एखादा शब्द चुकला तर, म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेणला आमचा गणपतीचा कारखाना. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, रोह्याला दिलेली. पण सीझनला पेणला यायचीच, कारण मूर्तींचे डोळे तीच काढायची.

मला शाळेच्या दारात उलटी व्हायची. म्हणून पहिलीचं वर्ष मी रोह्याला आत्याकडे काढलं. पाटी, पाढे, वाचन, सगळं तिच्या स्वयंपाकघरात.

आणि दुपारी गेम!

आतोबांच्या कंपनीने काढून टाकलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला होता. ब्लॅक अँड व्हाइट. साल ९४ की ९५, बाबांना विचारलं, त्यांनाही नक्की आठवत नाही. त्यात एकच गेम चालायचा.

टोपीवाला एक बुटका माणूस ठोकळे उचलून ओळीत उभे करतो. मग एकाच ठोकळ्याला, एकदाच धक्का. सगळे पडले पाहिजेत, आणि पट्ट्यापट्ट्यांचा ठोकळा सगळ्यात शेवटी. तरच दार उघडतं आणि पुढची स्टेज मिळते. वर कोपऱ्यात घड्याळ पळत असतं.

आत्याला वेड लागलं होतं त्याचं. लहानपणापासून कारखान्यात "हळू, पडेल!" ऐकत वाढलेली बाई. इथे पाडलं की शाबासकी!

मांडायचं काम माझं. मी मांडायचे, मोजायचे, परत मोजायचे. धक्का द्यायच्या आधीच टाइम संपायचा.

"ढकल गो!"

"आत्या, नाय पडले तर?"

"नाय पडले तर नाय पडले. परत मांडू. बुटक्याला काय शिफ्टला जायचंय?"

वर्षभरात मी एकटीने एकदाही ढकललं नाही. माझं बोट बटणावर, आणि माझ्या बोटावर तिचं.

जूनमध्ये मला पेणला एकदम दुसरीत बसवायचं ठरलं. आत्या सोडायला आली.

शाळेच्या आदल्या दिवशी नवं दप्तर पाठीला लावून मी बाबांना दाखवायला कारखान्यात गेले. ऐटीत गर्रकन वळले. मागे फळीवर वीतभर उंचीचे सात उभे गणपती सुकत होते. शाडूचे, कच्चे, रंग लागायचा होता.

दप्तर पहिल्याला लागलं.

पहिला दुसऱ्यावर.

दुसरा तिसऱ्यावर.

बाबांची कोरणी हवेतच थांबली. मला रडूही येईना.

आत्या आली. वाकली. गंभीर चेहरा करून एकेक मोजला.

"सात होते ना गो? सहाच पडले. शेवटचा उभाच हाय. स्टेज गेली तुझी."

बाबांना गेमचं काहीच माहीत नव्हतं. "ताई, हसतेस काय? सहा मूर्ती गेल्या!"

"गेल्या कुठं? कच्ची माती हाय. भिजव, परत कर."

तुकडे मीच बादलीत टाकले. माती पाण्यात सुटायला लागली, तशी मीही हसायला लागले. बाबांनी त्याच मातीचे परत सहा गणपती केले. श्रावणात आत्याने त्यांचे डोळे काढले. रेघ एकदाच, खोडायची सोय नाही. शेजारी मी श्वास रोखून बसलेली, आणि ती खुशाल गुणगुणत होती.

पण ते नंतर. त्याआधी शाळा.

पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर वजाबाकी घातली. "कोण करतंय?" मनात मोजलं, परत मोजलं. कानात मात्र "ढकल गो!"

उठले. फळ्यापाशी गेले. सगळ्यांसमोर उत्तर लिहिलं.

चुकलं.

उलटी झाली नाही!

आज सकाळपासून ही पोस्ट मी सोळा वेळा वाचली आहे. सालाची खात्री अजून नाही. कोणाला काही चुकलेलं दिसलं तर सांगा, दुरुस्त करेन. गणपती सात होते, एवढं मात्र पक्कं.

बोट 'पोस्ट'वर ठेवलंय. या वेळी त्याच्यावर तिचं बोट नाही.

आत्या गो, तुला तुझ्या भाचीची हसरी श्रद्धांजली.

ढकलते.